बारा दिवसांत दुसऱ्यांदा

"आक्का, मी बाजूला बसतेय," हेमा मोरीच्या दारातून म्हणाली आणि माझ्या हातातला डाव आमटीतच थांबला.

डिसेंबरची एकोणीस तारीख होती. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असे आणि त्याच्यावरच्या सगळ्या खुणा माझ्या हातच्या. दुधाला उभी रेघ, सिलिंडरला गोल, इस्त्रीच्या कपड्यांना फुली आणि सून बाजूला बसली की एक टिंब. मी चौथीतून शाळा सोडलेली बाई. अक्षरं मला एकेक करून लावावी लागतात. पण माझी खूण कधी चुकली, असं कोणी दाखवून द्यावं! टिंब सात तारखेवर होतं. बारा दिवसांत दुसऱ्यांदा?

"अगं, सातला तर बसली होतीस."

"हो ना... काय की," ती खाली बघत म्हणाली. तिने आपली कापडी पिशवी उचलली, मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

आमच्याकडे तेव्हा कडक पाळत. तीन दिवस मागच्या खोलीत बसायचं. जेवणाचं ताट उंबऱ्यावर सरकवायचं. पोरांनी शिवायचं नाही, कोणी हाक मारायची नाही, काम सांगायचं नाही. चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायचं. कऱ्हाडात आमच्या आळीत हे सोडून दिलेल्या दोन-चार जणी होत्या. त्यांच्याविषयी मी नळावर काय काय बोलत असे ते आता सांगत नाही. त्यांतल्या एकीशी पुढे विहीणपण जुळलं.

हेमा पुण्याची. लग्नाआधी तिच्या दोन गोष्टी छापून आल्या होत्या, हे मुलगी बघायला गेलो तेव्हाच तिच्या वडिलांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, लिहू दे की, आमचं भांड्यांचं दुकान आहे, घरात कागदाची काय कमी? माझ्या श्रीधरला ती आवडली होती आणि मला तिचं नाक. पुढे मीनल झाली, मग नंदू आणि बंडू हे जुळे झाले आणि लिहिणं राहिलं. पण त्या वर्षी पुण्याच्या एका मासिकाने तिची कादंबरी घेतली. दर महिन्याला एक प्रकरण लिहून पाठवायचं. बसल्या घरी काम, म्हणून घरात सगळ्यांना आनंद झाला. घरात बसून काम म्हणजे बसून राहणं नव्हे, हे कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. माझ्याही नाही.

ती जेवणाच्या टेबलावर लिहायला बसायची. बसली की बंडूला शू लागायची. बंडू झाला की नंदूला आठवण व्हायची. साडेतीन वर्षांची पोरं ती, आईचा हात मोकळा दिसला की त्याला लोंबकळायची. श्रीधर दुकानातून निरोप पाठवायचा, वहीत अमक्याचा पत्ता बघून ठेव. मी म्हणायची, लिहिता लिहिता एवढे तांदूळ निवड, डोळे तर रिकामेच आहेत तुझे. एकदा मी शेवेच्या डब्याच्या तळाला कागद घातला, तो तिच्या प्रकरणाचा निघाला. मी कोरी बाजू वर ठेवली होती, शेवेला शाई लागू दिली नव्हती. तरी ती त्या दिवशी जेवली नाही.

असं होता होता दोन महिने प्रकरण उशिरा गेलं. मासिकाच्या संपादकांचं कार्ड आलं. ते मीनलने दारातच दूधवाल्यासमोर शाळेत धडा वाचतात तसं मोठ्याने वाचलं: यापुढे महिन्याच्या एकवीस तारखेला मजकूर पोस्टात पडला नाही, तर आम्हाला नाइलाजाने कादंबरी मध्येच थांबवावी लागेल. दूधवाला म्हणाला, "वहिनी, बंद करू नका हो, आमची मंडळी वाचतीय." हेमाने मीनलच्या हातातून कार्ड घेतलं आणि पदराला बांधलं. ही ऑक्टोबरातली गोष्ट. त्यानंतर नोव्हेंबरचं प्रकरण वेळेवर गेलं. कसं गेलं, ते मी विचारलं नाही.

एकोणीस तारखेला मात्र कार्ड माझ्या डोक्यातही नव्हतं. माझ्या डोक्यात सोनू होती.

सोनू माझ्या पाठची बहीण. तिला असंच महिन्यातून दोनदा, मग तीनदा व्हायला लागलं. सासरी सांगायची लाज म्हणून ती गप्प राहिली. सासूला वाटलं, काम चुकवायला बसते. सगळ्यांना कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही राहिलं नव्हतं. तिची पोरं मी वाढवलेली नाहीत, पण त्यांची तोंडं बघितली आहेत.

मी कॅलेंडर मागे उलटलं. नोव्हेंबरात आठ तारखेला टिंब होतं आणि वीस तारखेलाही एक टिंब होतं. तेव्हा मला वाटलं होतं, आपलीच खूण चुकली असेल. माझी खूण चुकत नसते हे मला ठाऊक असून मी ती चुकली असं मानलं होतं.

दोन दिवस मी उंबऱ्यावर ताट सरकवताना तिचं तोंड न्याहाळत होते. डोळे ओढलेले, बोटं काळी. म्हटलं, रक्त कमी झालंय. तिच्या ताटात गुळाचा खडा वाढला, खजूर ठेवला. ती खाली मान घालून "कशाला आक्का" म्हणायची.

एकवीस तारखेला सकाळी पोरांना शेजारच्या शांतूकडे सोपवून मी रिक्षा बोलावली आणि मागच्या खोलीच्या दारात उभी राहिले.

"ऊठ. साडी बदल. निकम डॉक्टरीणबाईंकडे जायचंय."

ती ताडकन उभीच राहिली. "आज? आक्का, उद्या जाऊ या. उद्या नक्की येते."

"उद्याचं उद्या. सोनूनेही असंच उद्या म्हटलं होतं."

"पण मला काही होत नाहीये हो."

"तेही तिने म्हटलं होतं."

सोनूची गोष्ट तिला माहीत होती. तिने पिशवी छातीशी धरली आणि रिक्षात बसली. रिक्षावाला पोस्टासमोरून निघाला तेव्हा तिने मान वळवून घड्याळ बघितलं. मला वाटलं, जीव घाबरलाय.

दवाखान्यात आमचा नंबर सातवा होता. हेमाने पिशवीतून पेन काढलं आणि केसपेपरच्या मागच्या बाजूला भराभरा लिहायला लागली. मी शेजारच्या बाईला कौतुकाने सांगितलं, "शिकलेली आहे ना, आपलं दुखणं लिहून काढतेय. आपल्यासारखं नाही, आत गेलं की निम्मं विसरलं."

"बरंच दुखणं दिसतंय," ती बाई कागदाकडे बघत म्हणाली.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय होतंय?"

हेमाने पेन पिशवीत सरकवलं. मग मीच तारखांसकट सगळं सांगितलं. नोव्हेंबरच्या आठ आणि वीस, डिसेंबरच्या सात आणि एकोणीस. सोनूचंही सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला. "आक्का, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"मी कशाला बाहेर बसू? मी आणलंय तिला. ती तोंड उघडायची नाही."

"बरं." बाई हेमाकडे वळल्या. "अंगावर जास्त जातं? पोटात दुखतं?"

हेमाने नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, कोणालाच कळलं नसतं.

"तुमच्या सासूबाई म्हणतात तसं असेल तर थांबून चालणार नाही. आत्ताच दाखल व्हा. दुपारी तपासते, संध्याकाळी घरी सोडते."

"आज नको!" हेमा इतक्या मोठ्याने म्हणाली की दारातली नर्स आत डोकावली. "आज तीनच्या आत पोस्टात जायचंय."

"पोस्टात?"

हेमाने माझ्याकडे बघितलं. मग टेबलाकडे बघत म्हणाली, "डॉक्टर, मला काही झालेलं नाही. सात तारखेची खरी होती. ही खोटी आहे."

आधी मला एवढंच ऐकू आलं, की काही झालेलं नाही. दोन दिवस डोळ्यांसमोरून हलत नव्हती ती सोनू माझ्या समोरून उठून गेली आणि मी खुर्चीला पाठ टेकली. मग पुढचा शब्द माझ्यापर्यंत पोचला.

"खोटी म्हणजे?"

"मी बसले नव्हते आक्का. म्हणजे बसले होते, पण लिहायला."

"आणि गेल्या महिन्यातली वीस तारीख?"

"तीपण."

"म्हणजे माझी खूण बरोबर होती."

"हो आक्का."

डॉक्टरीणबाई उठून बेसिनपाशी हात धुवायला गेल्या. हात स्वच्छच होते त्यांचे. पाठ हलत होती तेवढी मला दिसली.

"माझ्या घरात," मी म्हटलं, "मला, खोटं?"

तेव्हा ती पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलली. "दुसरी जागाच नाही हो त्या घरात. बाहेरच्या खोलीत पोरं, टेबलावर तांदूळ, गच्चीवर तुमचे सांडगे. त्या तीन दिवसांत मात्र नंदू-बंडू लांब असतात. तुम्ही काम सांगत नाही. ह्यांना मोजे सापडले नाहीत तर हे तुम्हाला हाक मारतात. माझं नाव घरात कोणी घेत नाही. एवढा वेळ मला कोणी मागून दिला नसता. म्हणून घेतला."

ती रडली असती तर मी तिला चांगली झापली असती. रडली नाही.

परत रिक्षात बसलो. कृष्णेच्या पुलाचा फाटा गेला, भाजी मंडई गेली. पोस्टाशी आलो तेव्हा मी विचारलं, "किती पानं राहिलीत?"

"चार. एक आत्ता दवाखान्यात झालं."

"एका पानाला किती वेळ?"

"पोरं असली तर सांगता येत नाही. नसली तर अर्धा तास."

घड्याळात साडेअकरा वाजले होते. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "अरे, वऱ्हाड नेतोयस का? हाण की जरा."

घरी दारात उतरतो तर ओसरीवर वन्सं. माझी नणंद रहिमतपूरला असते, ती येताना कधी कळवत नाही. कळवलं तर घर आवरलेलं सापडेल, अशी तिला भीती वाटत असावी. शांतूकडून पोरं घेऊन, पिशवीतून तिळगुळाचं सामान काढून ती ऐसपैस बसली होती. आईला बघून नंदू-बंडू दोन्हीकडून धावले.

"शिवू नका रे!" मी ओरडले. "आई बाजूला आहे."

पोरं जागच्या जागी थांबली. त्यांना ते पक्कं शिकवलं होतं, मीच. हेमाने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच बोळाकडे खूण केली. ती बोळातून मागच्या खोलीत गेली. दार लागल्याचा आवाज आला.

"बाजूला आहे आणि रिक्षातून हिंडते?" वन्सं म्हणाली.

"डॉक्टरकडे नेली होती."

"काय म्हणाले डॉक्टर?"

"तीन दिवस हाक मारू नका म्हणाले."

मी पोळ्यांचं पीठ मळायला घेतलं. पोरांना परातीतल्या पिठाचे गोळे दिले. एक वाजला तशी वन्सं माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "वहिनी, मीनल सांगत होती, या महिन्यात आई दोनदा बसली."

"मोजायला आलं का पोरीला? बरं झालं."

"हसण्यावारी नेऊ नका. मला मेलीला संशय येतोय. आत कागदाची खसखस ऐकू येते. तुम्ही ताट वाढा, मी नेते. बघतेच काय चाललंय."

ती उठली. मीही उठले. घरातून मागच्या खोलीकडे जायचा रस्ता स्वयंपाकघरातून जातो आणि तिथे एका वेळी एकच माणूस मावतं. मी तिथे उभी राहिले. हात पिठाचे.

"बसा वन्सं."

"अहो, पण—"

"तुम्ही बारा वर्षांच्या होता. आठवतंय? मी नवी होते घरात. याच खोलीत मी पाच दिवस बसले होते."

वन्संचा चेहरा बघता बघता उतरला.

आता ते सांगायला हवं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्या खोलीतल्या ट्रंकेखाली मला एक जुनं मासिक सापडलं. आधीच्या भाडेकरूंचं असेल. मुखपृष्ठ नव्हतं, कडा उंदरांनी खाल्लेल्या. त्यात एका बाईची गोष्ट होती. ती घर सोडून स्टेशनवर येऊन बसते, गाडी येते, आणि ती फलाटावरच उभी राहते. एकेक अक्षर लावत मी वाचत होते. एका पानाला मला अर्धा दिवस लागायचा. तीन दिवस संपले आणि गोष्ट संपली नाही. मी सासूबाईंना म्हटलं, अजून आहे. चौथा दिवस काढला, पाचवा काढला. पाचव्या दिवशी या वन्सं ताट घेऊन आल्या, माझ्या मांडीवर मासिक बघितलं आणि धावत आईकडे गेल्या. सासूबाईंनी ते माझ्यासमोर पाणी तापवायच्या बंबात घातलं. मार नाही, बोलणं नाही. फक्त त्या दिवशीचं पाणी लवकर तापलं. त्यानंतर मी कधी काही वाचलं नाही. लोकांना सांगायचे, मला आवड नाही.

"लहान होते हो मी," वन्सं म्हणाली. "आईने विचारलं म्हणून सांगितलं."

"आज तुम्हाला कोणी विचारलेलं नाही. आणि आता तुम्ही पंचावन्नच्या आहात."

"इतकी वर्षं मनात ठेवलंत?"

"शेवट कळला नाही ना. ती बाई गाडीत चढली का, तेच कळलं नाही."

वन्सं मागे सरली. मग तिने पदर खोचला, पोरांना काखोटीला मारलं आणि म्हणाली, "चला रे, तीळ निवडायला. जो खाईल त्याला रहिमतपूरला नेईन." बाहेर जाऊन तिने स्वतःच ओसरीचं दार लावून घेतलं. मला वन्सं त्या दिवशी पहिल्यांदा आवडली. तिला मी हे अजून सांगितलेलं नाही, डोक्यावर बसेल.

अडीचला मागचं दार उघडलं. हेमाने जाड पाकीट उंबऱ्यावर ठेवलं आणि मागे सरकली. ताट सरकवतात तसं. सवयच ती. वन्सं खिडकीतून बघत होती.

मी वाकले नाही. "हातात दे," म्हटलं.

तिने दिलं. बोटाला बोट लागलं. आकाश काही कोसळलं नाही. कोसळलं असतं तरी पावणेतीन वाजत आले होते, मला वेळ नव्हता.

पोस्टात रजिस्टरच्या खिडकीशी रांग होती. माझी पाळी आली तेव्हा कारकून पाकीट उलटसुलट करत म्हणाला, "पाठवणाऱ्याचं नाव नाही आजी. ते टाकल्याशिवाय घेता येत नाही. सांगा, मी लिहितो."

का कोण जाणे, मी म्हटलं, "पेन द्या इकडे."

चौथीनंतर मी सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. ह ला मात्रा. म. ल. ता मी एकदा चुकवला, खोडला, पुन्हा काढला. मागचा माणूस म्हणाला, "आजी, जरा लवकर." मी म्हटलं, "एवढी घाई असेल तर तार कर बाबा." हेमलता श्रीधर तांबट, कऱ्हाड. कारकुनाने शिक्का मारला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीनला दोन मिनिटं होती.

घरी आले तर हेमा दारात उभी. "गेलं?"

"गेलं."

"आक्का, तुम्ही रागावलात?"

"रागावणार नाही तर काय आरती ओवाळणार? दोन दिवस तुला मनात मारून टाकली होती मी. तुझ्या पोरांची तोंडं बघवत नव्हती मला. खोटं बोलायचं तर माणसाने आधी विचारून बोलावं."

"विचारलं असतं तर तुम्ही लिहू दिलं असतं?"

"नसतं दिलं," मी म्हटलं. खरं तेच होतं.

मग मी तिला भिंतीपाशी नेलं आणि पुढच्या वर्षीचं कॅलेंडर खिळ्यावर चढवलं. जानेवारीपासून दर महिन्याच्या अठरा, एकोणीस, वीसवर मी पेनने चौकोन काढले. या तीन दिवशी मागची खोली तिची. पोरं माझ्याकडे. श्रीधरचे मोजे श्रीधरकडे. ताट उंबऱ्यावर, हाक नाही, तांदूळ नाहीत. बाकीच्या दिवशी सकाळी पोरांना न्हायला घालते त्या वेळात एक तास तिचा, आणि त्या तासाला मी सांडग्यांसाठीसुद्धा गच्चीवर जाणार नाही.

"आणि टिंबं?" तिने विचारलं.

"टिंबं बंद. तेव्हा तू बाहेर यायचं, ओट्यापाशी. वर्षातून छत्तीस दिवस बसायला आपल्याकडे एकच खोली आहे, ती आता कामाला लागली."

खोटं कशाला सांगू, पहिले दोन महिने त्या दिवसांत तिच्या हातचं पाणी पिताना माझा घसा अडायचा. तिसऱ्या महिन्यात उन्हाळा होता, तहान लागली, प्याले. शांतू नळावर म्हणाली, "आक्का, तुमच्याकडे आता काहीच पाळत नाहीत वाटतं?" मी म्हटलं, "पाळतो की. तारीख पाळतो."

कादंबरी पुढच्या दिवाळीपर्यंत चालली. एकही प्रकरण उशिरा गेलं नाही. शेवटचं प्रकरण झालं त्या दिवशी हेमा पाकीट घेऊन माझ्याकडे आली, कारण नाव घालायचं काम माझंच झालं होतं. मी पेन बाजूला ठेवलं.

"आज अठराच आहे. अजून तीन दिवस आहेत ना पोस्टाला?"

"आहेत. का?"

"कागद बाहेर काढ. मासिकात छापून येईपर्यंत मी थांबायची नाही. मागे एकदा थांबले होते."

"वाचून दाखवू?"

"मला काय डोळे नाहीत?"

कागद घेऊन मी मागच्या खोलीत गेले. ट्रंक तिथेच होती, तिच्यावर बसले. दार लोटलं. पहिली ओळ लावायला मला बराच वेळ लागला, दुसरी जरा लवकर लागली. मग नंदू-बंडू आले आणि दारावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागले. आजी, भूक. आजी, ह्याने मला मारलं. आजी, दार उघड.

बाहेरून हेमाची पावलं आली. थापा थांबल्या.

"हाक मारायची नाही रे," ती त्यांना म्हणत होती. "आक्का बाजूला बसल्यात."